रस्त्यातून चालण्याचा दंड

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, सेंट लुइस शहराच्या उत्तरेला फर्ग्युसन नावाचे गाव आहे. २०१० मध्ये वस्ती सुमारे २१,०००. गावाच्या नगरसंहितेत एक कलम होते: बाजूला पदपथ असताना पायी जाणाऱ्याने रस्त्यातून चालू नये. कलम साधे होते आणि त्याचा हेतू रास्त होता. दंडाच्या पावतीवर या गुन्ह्याचे नाव ‘रस्त्यावर चालण्याची पद्धत’ असे पडे. अशा एका गुन्ह्यासाठी तिथल्या नगरन्यायालयाने ३०२ डॉलर आकारल्याची नोंद आहे. अंगणातले गवत वाढले म्हणून ५३१ डॉलर. शांतता भंगली म्हणून ४२७. पोलिसाने सांगितले ते केले नाही म्हणून ७९२.

९ ऑगस्ट २०१४, शनिवार. भर दुपारी दोन तरुण कॅनफिल्ड ड्राइव्ह या रस्त्याच्या मधून चालले होते. डॅरेन विल्सन या गोऱ्या पोलिसाने गाडी त्यांच्याजवळ घेतली आणि पदपथावरून चाला म्हणून सांगितले. तिथून प्रकरण वाढले. काही मिनिटांतच त्यांच्यापैकी एक, अठरा वर्षांचा मायकेल ब्राउन, गोळ्या लागून रस्त्यावर मरून पडला होता. चार तासांच्या आसपास त्याचा मृतदेह उन्हात तिथेच होता. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून फर्ग्युसन पेटले, आणि पुढचे कित्येक महिने जगभरच्या दूरचित्रवाणीवर ते जळताना दिसत राहिले.

गोळी का झाडली गेली, याची चौकशी झाली. विल्सनवर खटला भरण्यास ज्यूरीने नोव्हेंबरात नकार दिला, केंद्र सरकारच्या तपासातही त्याच्यावर आरोप ठेवण्याइतका आधार सापडला नाही. मला इथे सांगायची आहे ती दुसरी गोष्ट. त्या एका दुपारच्या घटनेने एवढा वणवा का पेटावा? गावातल्या लोकांच्या मनात इतका दारूगोळा कुठून साठला होता? त्याचे उत्तर शोधत गेले की आपण एका लहानशा न्यायालयाच्या दाराशी येऊन थांबतो. त्या न्यायालयात खून, दरोडे, जमिनीचे दावे असे काहीच चालत नव्हते. वाढलेले गवत, चुकीच्या जागी उभी केलेली गाडी, घरात कोण राहते याचा परवाना, मोटारीचा फुटलेला दिवा, एवढाच त्याचा अधिकार.

अमेरिकेतल्या नगरन्यायालयांचे मूळ इंग्लंडातल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ या जुन्या पदात आहे. मुंबईच्या जुन्या माणसांना ‘जे. पी.’ ही अक्षरे परकी नाहीत, १८६५ च्या कायद्याने मुंबईची नगरपालिकाच या जे. पीं.च्या मंडळाच्या हाती दिली होती. एकाच झाडाच्या या फांद्या. गावातला किरकोळ गुन्हा गावातच, झटपट आणि कमी खर्चात निकालात निघावा, त्यासाठी माणसाला मोठ्या कोर्टाचे हेलपाटे पडू नयेत, ही मूळ कल्पना चांगलीच होती. ती कशाने नासली हे समजायला सेंट लुइसचा नकाशा पाहावा लागतो.

१८७६ साली सेंट लुइस शहर भोवतालच्या काउंटीपासून कायद्याने वेगळे झाले. शहराची हद्द कायमची गोठली. भोवतालचा ग्रामीण भाग आपल्या खर्चात भर घालील, अशी तेव्हा शहरवासीयांना धास्ती होती. पुढे उलटे झाले. विसाव्या शतकात माणसे आणि पैसा दोन्ही हद्दीबाहेर गेले आणि शहर मागे राहिले. १९५० मध्ये साडेआठ लाखांवर असलेली शहराची लोकसंख्या २०१० मध्ये सव्वातीन लाखांच्याही खाली आली होती.

बाहेर जाणारे आधी गोरे होते. कृष्णवर्णीयांना घर विकायचे नाही, असे करार घरांच्या दस्तांतच लिहिलेले असत. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९४८ चा प्रसिद्ध निकाल सेंट लुइसमधल्याच एका घरावरून लागला. करार गेले तेव्हा दुसरे साधन हाती आले. मिसुरीत थोड्याशा वस्तीलाही स्वतःची नगरपालिका स्थापन करणे सोपे होते. नगरपालिका झाली की जमिनीच्या वापराचे नियम आपले: किती मोठे प्लॉट, किती घरे, भाड्याच्या चाळी बांधू द्यायच्या की नाही, सगळे आपल्या हाती. ब्लॅक जॅक नावाच्या वस्तीने १९७० साली, मिश्र वस्तीची स्वस्त घरे येणार असे कळताच, घाईने नगरपालिका करून घेतली आणि तसली बांधकामेच बंद केली. ते प्रकरण पुढे वरच्या न्यायालयात टिकले नाही. पण अशा तऱ्हेने वाढत वाढत २०१४ पर्यंत सेंट लुइस काउंटीत ९० नगरपालिका झाल्या होत्या. काहींची वस्ती हजाराच्याही आत. आणि त्यांपैकी ८१ गावांनी स्वतःचे न्यायालय थाटले होते.

फर्ग्युसन या गावांत त्यातल्या त्यात मोठे आणि जुने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विल्यम फर्ग्युसन नावाच्या जमीनदाराने रेल्वेला जागा दिली, स्टेशन झाले, स्टेशनाभोवती गाव वसले. १८९४ मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला. अंधार पडल्यावर कृष्णवर्णीयांनी गावात थांबायचे नाही, असा अलिखित नियम १९६० च्या दशकापर्यंत तिथे पाळला जाई. शेजारचे किनलॉक हे कृष्णवर्णीयांचे गाव. दोन्ही गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर फर्ग्युसनने अडथळा घातला होता. दिवसा किनलॉकच्या बायका धुण्याभांड्यांना फर्ग्युसनमध्ये येत आणि संध्याकाळी परत जात.

पुढच्या पिढीत गोरे आणखी पलीकडच्या काउंट्यांत निघून गेले, आणि रिकाम्या घरांत शहरातली कृष्णवर्णीय कुटुंबे राहायला आली. १९९० मध्ये गावात कृष्णवर्णीय २५ टक्के होते, २०१० मध्ये ६७ टक्के. गावचा कारभार मात्र होता तिथेच राहिला. महापौर गोरा, सहा सदस्यांच्या नगरपरिषदेत पाच गोरे, ५४ पोलिसांत फक्त चार कृष्णवर्णीय.

एवढ्या गावांना खायला घालायचे कशातून? प्रत्येकाला पोलीस हवेत, गाड्या हव्यात, कचेरी हवी. १९८० साली मिसुरीच्या मतदारांनी हॅनकॉक दुरुस्ती मंजूर केली. मतदारांची संमती घेतल्याशिवाय कर वाढवायचा नाही, असे बंधन तीतून आले. विक्रीकर बाजारपेठेवर अवलंबून, आणि बाजारपेठ तर बाहेर चाललेली. कर वाढवायला मतदाराकडे जावे लागते, दंड वाढवायला जावे लागत नाही. काउंटीतल्या गावांनी हा धडा फार लवकर गिरवला.

राज्याला याची कुणकुण नव्हती असे नाही. मिसुरीच्या डोंगराळ भागात मॅक्स क्रीक नावाचे एक खेडे आहे. हमरस्त्यावर वेगमर्यादा अचानक उतरवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला धरायचे, हाच त्या खेड्याचा उद्योग झाला होता. त्याच्यावरून १९९५ मध्ये कायदा झाला: वाहतुकीच्या दंडातून मिळणारे उत्पन्न गावाच्या एकूण उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांवर गेले, तर वरचे पैसे राज्याला द्यायचे. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने ३० टक्क्यांवर आली. मॅक्स क्रीकचे दिवाळे वाजले. इतर गावांनी हिशेबच वेळेवर दिले नाहीत, आणि बरीच वर्षे कोणी विचारलेही नाही.

आता फर्ग्युसनची वही पाहू. २०१० च्या आर्थिक वर्षात दंड आणि न्यायालयीन शुल्कातून गावाला सुमारे १३ लाख ८० हजार डॉलर मिळाले होते. मार्च २०१० मध्ये गावच्या वित्त अधिकाऱ्याने पोलीसप्रमुखाला लिहिले की विक्रीकरात मोठी तूट दिसते आहे, वर्ष संपायच्या आत पावत्या फाडण्याचे प्रमाण चांगलेच वाढले नाही तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणे अवघड जाईल. पुढच्या वर्षांत प्रमाण वाढले. २०१२ साठी १९ लाख २० हजारांचे लक्ष्य होते, जमा झाले २१ लाख १० हजार. २०१३ साठी २१ लाख १० हजार धरले होते, आले २४ लाख ६० हजार. २०१५ च्या अंदाजपत्रकात ३० लाख ९० हजार डॉलर लिहिले गेले. गावाचे एकूण अपेक्षित उत्पन्न होते १ कोटी ३२ लाख ६० हजार. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गुन्ह्यांतून यायचा, आणि ते गुन्हे अजून घडायचे होते. पुढच्या वर्षी लोक किती चुका करणार हे आधी ठरवून गावाचा खर्च आखणे, याहून मोठी चूक लोकांच्या हातून काय होणार होती?

२०१२ या वर्षात न्यायालयाच्या वसुलीने इतिहासात प्रथमच २० लाखांचा आकडा ओलांडला, हे पोलीसप्रमुखाने नगर व्यवस्थापकाला कळवले तेव्हा त्याने उत्तरात वाहवा करून आभार मानले. पोलिसांची बढती त्यांच्या ‘उत्पादकते’वर अवलंबून होती, आणि उत्पादकता मोजायची पावत्यांत. एकाच माणसाला एका वेळी जास्तीत जास्त पावत्या कोण देतो, अशी आपसांत चढाओढ चाले. एकाच प्रसंगी चौदा आरोप लावल्याचेही उदाहरण आहे.

न्यायालय पोलिसांच्याच इमारतीत, पोलिसांच्याच हाताखाली. न्यायालयाची कारकून पोलीसप्रमुखाच्या देखरेखीखाली काम करी, आणि बहुतेक निर्णय तीच घेई. आरोप चालवणारा वकील हाच नगरपालिकेचाही वकील. न्यायाधीश रोनाल्ड ब्रॉकमायर २००३ पासून अर्धवेळ काम करीत, त्यांचे नाव सुचवायचे नगर व्यवस्थापकाने आणि निवडायचे नगरपरिषदेने. हे न्यायाधीश साक्षीपुरावा नीट ऐकून घेत नाहीत, अशी तक्रार एका नगरसदस्याने त्यांच्या फेरनेमणुकीच्या वेळी केली होती. व्यवस्थापकाने उणिवा नाकारल्या नाहीत. दंडाच्या उत्पन्नात घट झालेली गावाला परवडणार नाही, असे लिहून त्याने फेरनेमणूक पुढे नेली. कुंपणच शेत खात होते, आणि किती खाल्ले याची मासिक नोंद ठेवली जात होती.

न्यायालय महिन्यातून तीन-चार वेळा बसे, एका वेळी जेमतेम तीन तास. एका बैठकीला पाचशेपर्यंत माणसे आलेली असत. खोलीत मावत नसत, रांग बाहेर रस्त्यापर्यंत जाई. त्यातली बरीच माणसे कामाचा खाडा करून आलेली, काहींच्या कडेवर मुले. काउंटीतल्या काही न्यायालयांत मुलांना आत घेत नसत, मग मूल बाहेर कोणाजवळ ठेवायचे हा प्रश्न. नेमलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच कामकाज सुरू व्हायचे आणि वेळ टळून पाच मिनिटे झाली की दार बंद व्हायचे, असेही फर्ग्युसनबद्दल नंतर नोंदवले गेले. पावतीवर पोलिसाने तारीखच चुकीची घातल्याची प्रकरणे होती. एकूण किती रक्कम भरायची, स्वतः हजर राहणे सक्तीचे आहे की नाही, हे पावतीवरून कळत नसे.

तारीख चुकली की नवा गुन्हा: गैरहजेरी. त्याचा दंड वेगळा, न्यायालयाचा खर्च वेगळा. मग वॉरंट. वॉरंट काढण्याचे ५० डॉलर, आणि ते बजावायला पोलीस जितके मैल गाडी चालवील त्या प्रत्येक मैलाचे ५६ सेंट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. अटकेनंतर जामिनाची रक्कम भरली आणि पुढची तारीख चुकली, तर जामीन गावाच्या खजिन्यात जमा होई, मूळ दंडातून मात्र एक पैसाही वजा होत नसे. वाहतुकीचे प्रकरण असेल तर गाडी चालवण्याचा परवाना निलंबित होई. त्या उपनगरांत गाडीशिवाय कामावर जाणे कठीण. माणूस निलंबित परवान्यावरच गाडी काढी, पुन्हा पकडला जाई, आणि नव्या पावतीने फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

२००७ साली एका कृष्णवर्णीय बाईने एकदा गाडी चुकीच्या जागी उभी केली. त्याबद्दल दोन पावत्या मिळाल्या: १५१ डॉलर आणि वर शुल्क. ती फार गरीब होती, मध्ये काही काळ तिला राहायला घरही नव्हते. पुढच्या तीन वर्षांत तारीख किंवा हप्ता चुकल्याबद्दल तिच्यावर गैरहजेरीचे सात गुन्हे लागले, प्रत्येकाबरोबर वॉरंट, नवा दंड, नवे शुल्क. दोनदा अटक झाली, सहा दिवस ती कोठडीत राहिली. तिने २५ डॉलर, ५० डॉलर असे जमेल तसे पाठवून पाहिले. पूर्ण रक्कम नाही म्हणून न्यायालयाने ते पैसे परत केले. डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते, आणि न्यायालयाच्या हिशेबाने अजून ५४१ डॉलर देणे बाकी होते.

२०१२ च्या उन्हाळ्यात बत्तीस वर्षांचा एक माणूस बागेत बास्केटबॉल खेळून दमला आणि थंड व्हायला आपल्या उभ्या गाडीत बसला. पोलिसाने मागे गाडी लावली, बागेत मुले आहेत म्हणून त्याच्यावर घाणेरडा संशय घेतला, गाडीची झडती मागितली. संविधानाने दिलेला हक्क सांगून त्याने नकार दिला. पोलिसाने पिस्तूल रोखून त्याला अटक केली आणि नगरसंहितेची आठ कलमे लावली. त्यातले एक खोटी माहिती दिल्याचे, कारण त्याने आपले पूर्ण नाव न सांगता रोजच्या वापरातले लहान नाव सांगितले. दुसरे आसनपट्टा न बांधल्याचे, आणि गाडी तर उभी होती. या आरोपांपायी त्याची नोकरी गेली.

मला सगळ्यांत अस्वस्थ करते ते राहण्याच्या परवान्याचे कलम. घरात कोण कोण राहते त्यांची नावे नगरपालिकेच्या परवान्यावर असायला हवीत, असा नियम. एका बाईने घरातल्या भांडणातून पोलिसांना बोलावले. ते येईपर्यंत तिचा मित्र निघून गेला होता. पोलिसांनी घर पाहिले, तो तिथे राहत असल्याच्या खुणा दिसल्या, परवान्यावर मात्र ती आणि तिचा भाऊ अशी दोनच नावे. पोलिसांनी अटक केली ती तिलाच. अशाच दुसऱ्या प्रसंगात पावती हातात पडलेली बाई म्हणाली की यापुढे जीव जात असला तरी या पोलिसांना बोलावणार नाही. हे वाक्य पोलिसाने आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे. आगीपासून, दाटीपासून माणसाचा जीव वाचावा म्हणून केलेला नियम, आणि त्याच्यामुळे एक बाई मदत मागायचे सोडते.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ती म्हण ज्याला चढणे न चढणे निवडता येते त्याच्यासाठी आहे. फर्ग्युसनच्या न्यायालयाने २०१३ या एका वर्षात ९,००० हून अधिक वॉरंटे काढली. २०१४ च्या अखेरीस १६,००० हून अधिक माणसांवर त्या न्यायालयाचे वॉरंट बाकी होते. वस्ती २१,००० आणि वॉरंट डोक्यावर असलेली माणसे १६,०००, त्यांत बाहेरगावचे पुष्कळ असले तरी. ज्यांच्यावर वॉरंट निघाले त्यांत ९२ टक्के कृष्णवर्णीय. रस्त्यातून चालण्याच्या पावत्या ज्यांना मिळाल्या त्यांत ९५ टक्के कृष्णवर्णीय. आणि त्याच काळात न्यायाधीश, कारकून आणि गावचे अधिकारी स्वतःच्या किंवा ओळखीपाळखीच्या लोकांच्या पावत्या परस्पर रद्द करून देत होते, असेही तपासात उघड झाले.

दंड भरायला पैसे नाहीत एवढ्यासाठी माणसाला कोंडता येत नाही, हे अमेरिकेत कधीच ठरून गेले होते. ह्यूस्टनच्या एका गरीब माणसाला वाहतुकीच्या नऊ गुन्ह्यांचा ४२५ डॉलर दंड झाला होता. तो भरता येईना म्हणून दिवसाला पाच डॉलर या दराने ८५ दिवस नगरपालिकेच्या कैदी-शेतावर त्याची रवानगी झाली. टेट विरुद्ध शॉर्ट या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७१ मध्ये न्यायालयाने ती शिक्षा घटनाबाह्य ठरवली. १९८३ मध्ये बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया या प्रकरणात आणखी स्पष्ट झाले: कोठडीत टाकण्याआधी माणसाची ऐपत आहे की नाही हे न्यायाधीशाने विचारले पाहिजे. फर्ग्युसनमध्ये तो प्रश्न विचारलाच जात नव्हता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल गावच्या न्यायालयापर्यंत तीस वर्षांत पोहोचला नव्हता, कारण तिथे तो वाचून दाखवणारा वकीलच नसे. किरकोळ प्रकरणांत सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, आणि गरिबाला स्वतःचा परवडत नाही.

ही उणीव ओळखली ती सेंट लुइस विद्यापीठातून कायदा शिकून बाहेर पडलेल्या तीन तरुणांनी. थॉमस हार्वी, मायकेल-जॉन व्हॉस आणि जॉन मॅकअॅनर यांनी २००९ मध्ये आर्चसिटी डिफेंडर्स ही संस्था काढली. बेघरांची, गरिबांची कामे करताना त्यांच्या ध्यानात आले की घर मिळत नाही, नोकरी टिकत नाही, यामागे पुन्हा पुन्हा कुठल्या तरी गावच्या न्यायालयाचे जुने वॉरंट निघते. मग ते काउंटीतल्या साठाहून अधिक न्यायालयांत जाऊन बसू लागले आणि जे दिसेल ते टिपू लागले. त्यांचा अहवाल ऑगस्ट २०१४ मध्ये, बरोबर फर्ग्युसन पेटलेले असताना, लोकांपुढे आला. पत्रकार मोठ्या संख्येने आलेले होते, ‘एवढा राग कशाचा’ असे विचारत होते, आणि उत्तर छापून तयार होते. सप्टेंबरात रॅडली बाल्को यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये या सगळ्या गावांवर दीर्घ लेख लिहिला. डिसेंबरात राज्याच्या महाधिवक्त्याने मॅक्स क्रीक कायदा मोडल्याबद्दल तेरा गावांवर दावे लावले. त्या वकिलांनी ज्या खोल्यांत बसून टिपणे काढली, तिथे त्यांच्याआधी कोणी काही टिपायला आले नव्हते, याचे मोल फार मोठे आहे.

४ मार्च २०१५ रोजी केंद्रीय न्याय विभागाने आपला अहवाल जाहीर केला. वर दिलेले बहुतेक आकडे, ती गाडी उभी करणारी बाई, तो बागेतला माणूस, सगळे त्यात आहे. गावाने आपल्याच अधिकाऱ्यांच्या ई-पत्रांतून स्वतःविरुद्ध साक्ष दिली होती. नऊ तारखेला न्यायाधीश ब्रॉकमायर यांनी राजीनामा दिला, दहाला नगर व्यवस्थापकाने, अकराला पोलीसप्रमुखाने. कारकुनाला आधीच काढले होते. मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने फर्ग्युसनची सगळी प्रकरणे गावाच्या हातून काढून वरच्या न्यायालयातले न्यायाधीश रॉय रिक्टर यांच्याकडे सोपवली.

त्या उन्हाळ्यात डोनाल्ड मॅककलिन हे निवृत्त, कृष्णवर्णीय न्यायाधीश त्या खुर्चीवर आले. ऑगस्टमध्ये त्यांनी ३१ डिसेंबर २०१४ पूर्वीची सगळी अटक वॉरंटे मागे घेतली, सुमारे दहा हजार. ज्यांची ऐपत नाही त्यांना हप्ते बांधून देण्याची, दंडाऐवजी समाजसेवेची सोय केली. एका माणसाच्या एका आदेशाने जे झाले, ते त्याच खुर्चीवरून आधीही करता आले असते.

जुलै २०१५ मध्ये राज्याचा कायदा बदलला. वाहतुकीच्या दंडाचे उत्पन्न गावाच्या एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये, सेंट लुइस काउंटीत तर साडेबारा टक्क्यांवर. किरकोळ वाहतूक गुन्ह्याचा दंड आणि खर्च मिळून ३०० डॉलरची कमाल मर्यादा, आणि गैरहजेरीचा वेगळा गुन्हा बंद. वाहतुकीची वाट अरुंद झाली तेव्हा गावे गवताकडे, रंग उडालेल्या भिंतींकडे, अंगणातल्या अडगळीकडे वळतील हे उघड होते. म्हणून २०१६ मध्ये नगरसंहितेच्या दंडांवरही मर्यादा घातली: पहिल्या गुन्ह्याला २०० डॉलर. पुढच्याच वर्षी साडेबारा टक्क्यांचा नियम मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पडला. एकाच काउंटीला वेगळा कायदा लावता येत नाही, असे काही गावांनी म्हटले आणि ते जिंकले. आता मर्यादा सगळीकडे २० टक्के आहे. माझ्या मते ती साडेबाराही जास्तच होती. दंड हे उत्पन्न म्हणून अंदाजपत्रकात लिहायचीच सोय नसावी.

फर्ग्युसनच्या नगरपरिषदेने केंद्राशी केलेल्या करारात आधी खर्चाच्या नावाखाली बदल सुचवले. केंद्राने दुसऱ्याच दिवशी दावा ठोकला. मार्च २०१६ मध्ये परिषदेने करार जसाच्या तसा मान्य केला आणि एप्रिलमध्ये न्यायाधीश कॅथरीन पेरी यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. न्यायालय पोलिसांच्या हाताखालून काढायचे आणि रस्त्यातून चालण्याचे ते कलम बदलायचे, हेही त्यात होते.

कोंडलेल्या माणसांचे स्वतःचे दावे वेगळे चालले होते. शेजारच्या जेनिंग्ज गावाने सुमारे दोन हजार माणसांना मिळून ४७ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. फर्ग्युसनविरुद्धचा दावा फेब्रुवारी २०१५ मध्ये दाखल झाला होता. गावाने नऊ वर्षे तो लढवला. २०२४ मध्ये तडजोड झाली: दंड भरता आला नाही म्हणून कोठडीत गेलेल्या १५,००० हून अधिक माणसांसाठी ४५ लाख डॉलर. वकिलांचा आणि दाव्याचा खर्च वजा करण्याआधी, ती रक्कम माणशी जास्तीत जास्त ३०० डॉलर होते. रस्त्यातून चालल्याबद्दल त्या न्यायालयाने एका माणसाकडे मागितले होते ३०२.